साउंड कार्ड पिशवीतच राहिलं

सकाळी माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर वर करतोय तोच काकांचा फोन आला. "येताना ५.१ चं साउंड कार्ड घेऊनच ये. हा ऑनबोर्ड आवाज मला आता ऐकवत नाही." ऑनबोर्ड म्हणजे मदरबोर्डावरच असलेली आवाजाची सोय, आणि साउंड कार्ड म्हणजे त्याऐवजी वेगळं बसवायचं कार्ड.

काका पुण्याला सदाशिव पेठेत राहतात. सगळा जन्म तबला शिकवण्यात गेला. जन्मापासून दिसत नाही, पण पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर कॉम्प्युटर सफाईने चालवतात. सिनेमा त्यांना फार आवडतो आणि ५.१ सराउंड, म्हणजे चहूबाजूंचे पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजाचा एक सबवूफर, ही त्यांच्यासाठी चैन नाही. कोण कुठून आलं, दार कुठल्या बाजूला उघडलं, हे त्यांना त्या सहा स्पीकरमधूनच कळतं.

महिन्यापूर्वी त्यांचा मदरबोर्ड जळाला होता. दुसऱ्या एका दुकानातून नवा बसवून घेतला आणि तेव्हापासून तक्रारी सुरू झाल्या. त्या दुकानदाराने सांगितलं, ऑनबोर्ड म्हटलं की आवाज असाच असणार, वेगळं कार्ड घाला. मी पिशवीत कार्ड टाकलं आणि निघालो.

कॅबिनेट उघडायच्या आधी म्हटलं, "काका, नेमकं काय खटकतंय ते आधी मला ऐकवा."

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. सिनेमातले संवाद रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे येतात. गाणी लावली की मागचे दोन स्पीकर मुके. आणि सतत एक घूं चालू असते. "पांढरी पाचच्या जरा वर आहे बघ," ते म्हणाले. मी चकित झालो. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, आणि हार्मोनियमच्या पांढरी पाचचा खालचा स्वर साधारण ९८ हर्ट्झ. ही घूं विजेची आहे, हे मी मीटर काढायच्या आधीच त्यांच्या कानाने सांगून टाकलं होतं.

मी कॅबिनेटच्या मागे वाकलो. नव्या बोर्डाला ऑडिओची तीनच भोकं होती. अशा बोर्डावर ५.१ निवडलं की हिरवं पुढच्या स्पीकरचं राहतं, लाइन-इनचं निळं मागच्या स्पीकरचं होतं आणि माइकचं गुलाबी सेंटर व सबवूफरचं. डोळस माणसंही इथे हमखास चुकतात. काकांच्या तीन वायरींना मात्र तीन दोरे बांधलेले होते: एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. रंगांचा त्यांना उपयोग नाही, म्हणून बोटांसाठी ही खूण. पिना अगदी बरोबर बसल्या होत्या.

मग स्पीकर एकेक करून वाजवून पाहिले. डावा बरोबर, उजवा बरोबर. सेंटरवर क्लिक केलं आणि काका ताडकन म्हणाले, "हा जमिनीतून आला." खरंच, टेबलाखालचा सबवूफर घुमला होता. सेंटर आणि सब या दोघांचे आवाज एकाच पिनेतून जातात, आणि काही स्पीकर संचांमध्ये त्यांची जोडणी उलटी असते. त्यासाठी रिअलटेक या ऑनबोर्ड आवाजाच्या चिपच्या सेटिंग पॅनलमध्ये दोघांची अदलाबदल करायची एक चौकट असते. जुन्या बोर्डाच्या वेळी कुणीतरी तिथे टिक केली असणार, नव्या ड्रायव्हरमध्ये ती टिक नव्हती. सिनेमातले संवाद बहुतेक सेंटरवर असतात. ते महिनाभर सबवूफरमध्ये जात होते. ती चौकट एनव्हीडीए वाचत नव्हता, नाहीतर काकांनी ती स्वतःच शोधून काढली असती याची मला खात्री आहे. मी टिक केली. सिनेमा पुन्हा लावला आणि बाईचा आवाज पडद्याच्या मधोमध उभा राहिला. काका कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत.

घूं मात्र तशीच होती. कॉम्प्युटरचा आवाज म्यूट केला, तरी तशीच. स्पीकरच्या ऑक्समध्ये, म्हणजे दुसरं यंत्र जोडायच्या भोकात, अजून एक वायर होती. पुतण्याने टीव्हीचा आवाजही याच स्पीकरवर घेतला होता. मी सेट-टॉप बॉक्सची केबलची तार उपसली आणि खोली एकदम शांत झाली. केबलच्या तारेचं अर्थिंग एकीकडे, कॉम्प्युटरचं दुसरीकडे, आणि दोन्हींमधला फरक ऑक्सच्या वायरीतून वाहत होता. यावर काहीजण थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका, त्याने जीव जाऊ शकतो. मी दुकानातून ग्राउंड लूप आयसोलेटर मागवून ऑक्सच्या वायरीत घातला. छोटीशी डबी, आतला ट्रान्सफॉर्मर आवाज पुढे जाऊ देतो पण दोन्हीकडचं अर्थिंग एकमेकांना जोडू देत नाही, किंमत कार्डाच्या पासंगालाही पुरत नाही. हजारोंचं कार्ड घातलं असतं तरी ही घूं गेली नसती, याचं मला राहून राहून वाईट वाटत होतं.

राहिले मागचे स्पीकर. गाण्यांची रेकॉर्डिंग दोन चॅनलची, मागे पाठवायला त्यांत काही नसतंच. पुढचाच आवाज मागे भरायची सोय पॅनलमध्ये असते, ती दाखवली. काकांनी हात हलवला. "नको. गाणारा समोरच बसतो."

साउंड कार्ड मी वर्षानुवर्षं विकली आहेत. एके काळी ती लागायचीच, कारण गेममधल्या आवाजाच्या दिशेचं गणित कार्ड करायचं. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने ती वाट बंद केली. आणि ऑनबोर्ड आवाजासाठीचा इंटेलचा एचडी ऑडिओ २००४ पासून आठ चॅनल देतोय. आजही माउस हलवला की हेडफोनमध्ये खरखर येत असेल, तर कॅबिनेटबाहेरचं यूएसबी कार्ड जरूर घ्यावं. किंवा रिसीव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर, ऑप्टिकल तारेवर असेल आणि गेमचा आवाज ५.१ मध्ये हवा असेल, तर डॉल्बी डिजिटल लाइव्ह देणारं, म्हणजे ५.१ चा आवाज तिथल्या तिथे दाबून पाठवणारं, कार्ड कामाला येतं, कारण त्या तारेतून साधा आवाज दोनच चॅनलचा जातो. एचडीएमआयने रिसीव्हर जोडलाय? मग आवाज तिथूनच जातो, कार्डाचा संबंधच येत नाही. काकांच्या घरी यातलं काहीच नव्हतं.

"मग कार्ड?" त्यांनी विचारलं.

"परत नेतो, काका."

त्यांनी खणातून दोऱ्याचं रीळ काढलं, आयसोलेटरची वायर चाचपली, आणि तिला चार गाठींचा दोरा बांधला.