चालते रोज, मग पायांत जोर का नाही?

माझ्या व्यायामवर्गातल्या पन्नाशीच्या बायका हे हमखास विचारतात. पाळी जाऊन दोन-तीन वर्षं झालेली, वजन आहे तेवढंच, तरी जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं काम गर्भाशयापुरतं नसतं. स्नायूंच्या पेशीही त्याला प्रतिसाद देतात, आणि झिजलेल्या स्नायूची डागडुजी करणाऱ्या राखीव पेशी टिकायला त्याची मदत होते. पाळी थांबते तेव्हा हा आधार जातो. वय तर वाढतच असतं.

यातलं वयामुळे किती आणि इस्ट्रोजेनमुळे किती, हे कसं कळणार? फिनलंडमधल्या संशोधकांनी त्यासाठी जुळ्या बहिणी शोधल्या. एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या, वय ५४ ते ६२. प्रत्येक जोडीतली एक बहीण कित्येक वर्षं हार्मोन उपचार घेत होती, दुसरी नव्हती. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला: उपचार घेणाऱ्या बहिणींची उडी सरासरी १६ टक्के उंच, भरभर चालण्याचा वेग ७ टक्के जास्त. मला उडीचा आकडा जास्त बोलका वाटतो. उडीला झटक्यात ताकद लावावी लागते, आणि न्हाणीघरात पाय घसरला तर सावरायला तीच लागते.

मग हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या का? नुसत्या स्नायूंसाठी नाही. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, तुमचा आणि घरातला इतिहास, हे सगळं पाहून स्त्रीरोगतज्ज्ञच ते ठरवतील.

चालणं सोडू नका, हृदयासाठी ते हवंच. पण स्नायूला सवयीपेक्षा जास्त भार लागतो, तो चालण्यात मिळत नाही. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाने हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांकडून देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलून घेतली. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने. मणक्याच्या हाडांची घनता वाढली, खुर्चीवरून उठणंही सुधारलं. 'या वयात वजनं कशाला?' असं घरचे म्हणतात तेव्हा मला मनापासून राग येतो. याच वयात ती लागतात!

सुरुवात हात न टेकता खुर्चीवरून उठण्या-बसण्याने करा. ते सोपं झालं की हातात डंबेल घ्या, मग वजन वाढवत न्या. गुडघा, कंबर दुखत असेल किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ताटाकडेही बघा. वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं हवीत. नाश्त्याला नुसते पोहे खाऊन ती भरत नाहीत. सोबत उसळ, दही किंवा अंडं घ्या.