ते उणे चिन्ह

स्मरणिकेचे प्रूफ शर्वरीने काल दुपारी माझ्या टेबलावर ठेवले आणि ‘मॅडम, फक्त शुद्धलेखन बघा’ असे सांगून ती निघून गेली. शुद्धलेखन ठीक आहे. आक्षेप घ्यावा असे त्यात फारसे काही नाही आणि हीच माझी अडचण होऊन बसली आहे. विभागाच्या इतिहासाच्या पानावर गॅमा काउंटरचा, म्हणजे नळ्यांमधला किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राचा, तो जुना फोटो घेतला आहे. चौकटीत बसावा म्हणून तो डावीकडून कापला असून आता त्यात यंत्र संपूर्ण आहे, नळ्यांचे स्टँड संपूर्ण आहे आणि मी कोपरापर्यंत आहे. खाली ओळ आहे: ‘संप्रेरक चाचण्यांसाठी पूर्वी वापरात असलेले यंत्र.’

एवढ्याशा गोष्टीने झोप उडावी हे मला मान्य नाही, पण उडाली खरी. शर्वरी त्या वेळी शाळेत असेल. कापलेल्या भागात उभी असलेली बाई कोण, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. मोठ्या बाई असत्या तर त्यांनी ते पान तसेच परत पाठवले असते, पण तो विषय आता नको. मला छळतो आहे तो प्रश्न वेगळाच आहे. मी ज्याला आयुष्यभर माझे काम म्हणत आले त्याची दखल घेतली गेली नाही याचे मला वाईट वाटते आहे, की ते काम आता कोणालाच लागत नाही याचे? रात्रभर दोन्हींची सरमिसळ होत राहिली.

त्याच पानाच्या उजव्या कोपऱ्यात यालोबाई आहेत. त्या मात्र अख्ख्या छापल्या आहेत आणि खाली लिहिले आहे, ‘रेडिओइम्युनोअसे पद्धतीच्या जनक, महिला शास्त्रज्ञ रोझलिन यालो. भौतिकशास्त्राचे नोबेल, १९७७.’ रक्तातली संप्रेरके किरणोत्साराच्या साहाय्याने मोजण्याची ही पद्धत शिकायला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये गेले तेव्हा पहिल्याच व्याख्यानात त्यांचे नाव ऐकले होते, पण त्या वेळी आमचे सगळे लक्ष पिपेटवरच्या अंगठ्याकडे असायचे. काल झोप येईना म्हणून त्यांनी नोबेलच्या वेळी लिहिलेले आत्मकथन पुन्हा काढून वाचले, आणि मनात धरून ठेवलेल्या गोष्टींचा या बाईंकडे केवढा साठा होता हे पहिल्यांदाच नीट लक्षात आले.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९२१ साली जन्मलेली ही मुलगी १९४१ साली हंटर कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली. पुढे शिकण्याची काही सोय व्हावी म्हणून कोलंबिया विद्यापीठातल्या एका जीवरसायनशास्त्रज्ञाकडे सेक्रेटरीचे काम तिने पत्करले होते आणि त्यासाठी लघुलेखन शिकण्याची अट मान्य केली होती. तेवढ्यात इलिनॉय विद्यापीठातून अध्यापन साहाय्यकाची जागा देऊ केल्याचे पत्र आले, आणि तिने लघुलेखनाची पुस्तके फाडून टाकली. तरुण मुले लष्करात जाऊ लागली म्हणून ती जागा आपल्या वाट्याला आली, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चारशे अध्यापकांमध्ये त्या एकट्याच बाई होत्या. पहिल्या सत्रात दोन विषयांत ‘ए’ मिळाला, प्रकाशशास्त्राच्या व्याख्यानांनाही ‘ए’ मिळाला, आणि प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र ‘ए उणे’. ती गुणपत्रिका पाहून विभागप्रमुख म्हणाले की, बायकांना प्रयोगशाळेचे काम जमत नाही हे या उण्यावरून सिद्ध होते.

हे त्यांनी लिहिले १९७७ साली. मधल्या छत्तीस वर्षांत लग्न, डॉक्टरेट, दोन मुले आणि लास्कर पुरस्कार एवढे सगळे होऊन गेले होते, तरी ते उणे चिन्ह जिथल्या तिथे होते. मध्यरात्री दिवा लावून हे वाचताना मला जे समाधान वाटले ते फारसे उदात्त नव्हते.

आणि ही एकच गोष्ट नाही. नोबेल स्वीकारताना दिलेल्या शास्त्रीय व्याख्यानात त्यांनी १९५५ साली आलेले एक नकाराचे पत्र चक्क सर्वांना दाखवले. पत्र संशोधन नियतकालिकाच्या संपादकांचे होते आणि प्रकरण इन्शुलिनचे होते. प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहात यकृतातले एक विकर (एन्झाइम) इन्शुलिन फार भराभर मोडून टाकत असावे, अशी कल्पना त्या काळी मांडली गेली होती. ती तपासण्यासाठी यालोबाई आणि त्यांचे सहकारी डॉ. सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्शुलिन रुग्णांना टोचले आणि ते रक्तातून किती वेगाने नाहीसे होते ते मोजले. निकाल उलटाच आला. ज्यांनी पूर्वी इन्शुलिन घेतले होते, मग ते मधुमेहावर असो की मानसिक आजारावरच्या शॉक उपचारात असो, त्यांच्या रक्तात ते अधिक वेळ टिकून राहत होते. त्याअर्थी रक्तातले काहीतरी त्याला धरून ठेवत होते, आणि ते प्रतिपिंड आहे असे या दोघांचे म्हणणे होते. इन्शुलिनएवढ्या लहान रेणूविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनवील यावर त्या वेळच्या जाणकारांचा विश्वास बसेना. ‘सायन्स’ने लेख नाकारला. ज्या नियतकालिकाने तो अखेर १९५६ साली छापला त्यानेही आधी नकार दिला होता, आणि शीर्षकातून प्रतिपिंड हा शब्द काढायला लावूनच मग तो स्वीकारला.

त्या नाकारलेल्या शोधातूनच पुढची मोजणी निघाली. प्रतिपिंडाला इन्शुलिन चिकटते, तर प्रतिपिंड ठराविक ठेवायचे, किरणोत्सारी इन्शुलिन ठराविक घालायचे आणि वरून रुग्णाचे रक्तद्रव्य सोडायचे. संगीत खुर्चीसारखेच ते असते. खुर्च्या मोजक्या, त्यामुळे रुग्णाचे इन्शुलिन जितके जास्त असेल तितके किरणोत्सारी इन्शुलिन बाहेर राहते, आणि बसलेल्यांची मोजणी केली की न मोजता येणाऱ्याचा हिशेब लागतो. १९६० सालच्या लेखातून ही पद्धत सविस्तर जगापुढे आली आणि प्रौढ वयातल्या अनेक मधुमेही रुग्णांच्या रक्तात इन्शुलिनचा दुष्काळ मुळीच नसतो हेही दिसून आले. मग थायरॉइडची संप्रेरके, वाढीचे संप्रेरक, रक्तपेढ्यांमधली हिपॅटायटिस बीची तपासणी, नवजात बाळांच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून होणारी थायरॉइडची चाचणी, अशी ती सगळीकडे पोचली. याचे पेटंट दोघांनी घेतले नाही. शिकायला येईल त्याला ते शिकवत गेले. ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सफाईचे सामान ठेवायच्या खोलीत ज्यांनी प्रयोगशाळा थाटली त्या बाईंना दुसऱ्याला खोलीबाहेर ठेवण्याची हौस नसावी.

एवढे वाचून मी पुन्हा माझ्याच रडगाण्याकडे आले. यालोबाईंच्या सलाला शेवटी स्टॉकहोमचे व्यासपीठ मिळाले. ज्याला असे व्यासपीठ मिळत नाही त्याने आपला सल कुठे दाखवावा? नोबेल मिळालेल्याने जपला की तो स्वाभिमान, आणि निवृत्तीला आलेल्या तंत्रज्ञ बाईने जपला की ती कटकट, असेच लोक म्हणणार. हे वाक्य लिहिल्यावर ते मलाही कटकटीसारखेच वाटते आहे, पण खोडणार नाही.

कारण प्रयोगशाळेचे काम म्हणजे काय, हे त्या कापलेल्या फोटोतल्या हाताला माहीत होते. किरणोत्सारी साहित्य पुरवणाऱ्या वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेकडून चाचणीचा संच आला की आधी तारीख पाहायची, कारण आयोडीन-१२५ साधारण दोन महिन्यांत निम्मे होते आणि संच त्याच्या आधीच वापरून संपवावा लागतो. प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या. रक्तद्रव्य, त्यावर ट्रेसर म्हणजे किरणोत्सारी संप्रेरक, त्यावर प्रतिपिंड, मग ठरलेला वेळ थांबायचे, मग सेंट्रिफ्यूज. त्यानंतरचे काम कोणत्याही पुस्तकात नीट लिहिलेले नाही. स्टँड एका दमात उलटे करून वरचे पाणी ओतून टाकायचे आणि नळ्यांची तोंडे टिपकागदावर टेकवून ठेवायची. काठाला लोंबणारा शेवटचा थेंब कागदाने ओढून घेतला पाहिजे, पण तळाशी बसलेला साका, जो पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नसे, तो सुटता कामा नये. टी-फोर या थायरॉइडच्या संप्रेरकाच्या चाचणीत थेंब राहिला की काउंट वाढतात, काउंट वाढले की संप्रेरक कमी दिसते, आणि कोणाच्या तरी थायरॉइडच्या गोळीचा डोस त्या थेंबापायी वाढू शकतो. दोन नळ्यांचे आकडे जुळले नाहीत तर तो नमुना पुन्हा लावायचा. मग प्रत्येक नळी काउंटरमध्ये मिनिटभर, आणि सगळ्यात शेवटी, माहीत प्रमाणाच्या नमुन्यांचे काउंट मांडून आलेखाच्या कागदावर वक्र, ज्यावरून रुग्णाचा आकडा वाचायचा. छातीवर लावलेला बॅज दर तिमाहीला तपासायला जात असे आणि त्याचा अहवाल येईपर्यंत आई रोज विचारत असे. तेही असो.

बायकांना प्रयोगशाळेचे काम जमत नाही म्हणे! त्या विभागप्रमुखांना टिपकागदावर एक स्टँड उपडे करून दाखवायला सांगायला हवे होते.

यानंतर खरे तर मी झोपणार होते. पण यालोबाईंच्या फोटोखालचा मजकूर पुन्हा वाचताना लक्षात आले की, त्यात बर्सन यांचे नावच नाही. माझा फोटो कापला म्हणून तासन् तास तळमळणाऱ्या मला तो मजकूर वाचताना पहिल्या वेळी काहीच खटकले नव्हते. १९५० सालापासून बावीस वर्षे दोघांनी एकत्र काम केले. बर्सन वैद्य होते आणि बाई भौतिकशास्त्रज्ञ. १९७२ च्या एप्रिलमध्ये अटलांटिक सिटीला परिषदेसाठी गेले असताना बर्सन हृदयविकाराने गेले, तेव्हा त्यांना चोपन्न वर्षेही पुरी झाली नव्हती. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. त्यामुळे १९७७ साली निम्मे पारितोषिक यालोबाईंना मिळाले, उरलेले निम्मे मेंदूतल्या संप्रेरकांवर काम करणाऱ्या गिलेमिन आणि शॅली या दोघांना मिळाले, आणि बर्सन यादीबाहेर राहिले.

त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळांना वाटत होते की बुद्धी बर्सन यांची होती आणि बाई फक्त हाताखाली होत्या. बाईंनी पन्नाशी उलटल्यावर वैद्यकाची पदवी घेण्याचाही विचार करून पाहिला, मग तो सोडून दिला आणि काम चालू ठेवले. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेला बर्सन यांचे नाव देवविले, म्हणजे तिथून निघणाऱ्या प्रत्येक लेखावर ते आपोआप छापले जावे. ज्या बाईने एक उणे चिन्ह छत्तीस वर्षे विसरायचे नाकारले, तिनेच ही तजवीज केली. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्हींच्या मुळाशी एकच स्वभाव आहे. नोंद अचूक असली पाहिजे, मग ती स्वतःच्या बाजूची असो वा दुसऱ्याच्या. मी रात्रभर फक्त स्वतःच्या बाजूची तपासत बसले होते, आणि हे लक्षात आल्यावर मला चक्क हसू आले.

शिवाय वस्तुस्थिती अशी आहे की, ती पद्धतही आता बहुतेक ठिकाणांहून गेली. खालच्या मजल्यावरचे नवे केमिल्युमिनेसन्सचे, म्हणजे रासायनिक क्रियेतून निघणारा प्रकाश मोजणारे यंत्र प्रतिपिंडांच्याच तत्त्वावर चालते, पण त्याला किरणोत्सार लागत नाही, टिपकागद लागत नाही आणि अर्ध्या तासात ते टीएसएच या थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाचा आकडा देते. अगदी कमी टीएसएच आमच्या वेळी धड मोजता येत नसे, ते हे यंत्र सहज मोजते. रिपोर्ट घेऊन घरी जाणाऱ्या रुग्णाला यालो, बर्सन किंवा मी, यांपैकी कोणाचीच गरज पडत नाही, आणि त्यात त्या दोघांबरोबर माझी गणना करण्याची संधी मी साधून घेते आहे, हे माझ्याही ध्यानात आले आहे.

आज सकाळी प्रूफ परत दिले. दोन दुरुस्त्या केल्या: नोबेल भौतिकशास्त्राचे नव्हे, वैद्यकाचे, आणि बर्सन यांच्यासाठी एक ओळ. शर्वरी म्हणाली, ‘मॅडम, एकच ओळ वाढेल हां, जास्त जागा नाही.’ मनात दुसरीही एक ओळ तयार होती. ती मी दिली नाही. याला त्याग वगैरे म्हणू नये, स्वतःचे नाव स्वतःच लिहून देणे मला एरवीही जमले नसते.

जाता जाता तिने विचारले की, संगणक नसताना तो वक्र काढायचे तरी कसे. तिला सांगितले की जुन्या रजिस्टरमधले काउंट अजून कपाटात आहेत, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आलेखाचा कागद घेऊन ये. टोकांच्या बिंदूंवर फार भिस्त ठेवायची नसते, हे तिला पटवून देण्यातच अर्धी सुट्टी जाईल, आणि उरलेल्या अर्धीत ती मोबाइलवरच तो वक्र काढून दाखवील.