तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिडिओ असताना वर्गात प्रयोग कशाला?

हे मला बरेच जण विचारतात, की आता एवढे छान व्हिडिओ असताना तुम्ही वर्गात पसारा मांडून प्रयोग का करत बसता, पोर्शन मागे पडतो ना. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते.

व्हिडिओ बघताना मुलांच्या मनात "असं केलं तर?" आलं तर ते तिथेच राहतं. वर्गात ते लगेच करून बघता येतं, माझ्यासाठी हेच मुख्य कारण आहे.

पाण्यातल्या मेणबत्तीचा प्रयोग घ्या. बशीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा घालायचा, ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. मी कितीतरी वर्षं हे दाखवून लगेच सांगून टाकायचे की ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के म्हणून पाणीही तेवढंच चढलं. मुलं लिहून घ्यायची, विषय संपला. मग एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, ऑक्सिजन जळताना संपतो ना, मग पाणी ज्योत विझल्यावर का चढलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत करून बघितलं आणि खरंच, ज्योत नीट जळत असते तोवर पाणी फारसं हलत नाही, ती बारीक होऊन विझली की झपकन वर येतं. आणि ग्लास टेकवताना कडेने बुडबुडे बाहेर पडतात ते तर मी इतकी वर्षं समोर असून बघितलेच नव्हते! मग कुणीतरी म्हणालं तीन मेणबत्त्या लावू, ग्लास तोच, म्हणजे ऑक्सिजन तेवढाच, आणि पाणी आधीपेक्षा वर चढलं. तिथे माझं जुनं उत्तर पडलं. मुख्य खेळ तापलेल्या हवेचा आहे, ती फुगून बाहेर पडते आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आक्रसते. मेणबत्ती विझते तेव्हाही आत साधारण १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो.

पण नुसतं लाइव्ह दाखवलं की मुलं शिकतात असंही नाही हं. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या गटाने हे तपासलं होतं, २००४ साली त्यांचा पेपर आला. ज्यांनी प्रयोग फक्त बघितला त्यांना न बघितलेल्यांपेक्षा फारसं जास्त समजलेलं नव्हतं, आणि ज्यांनी बघायच्या आधी काय होईल याचा अंदाज केला त्यांना बरंच जास्त समजलं होतं. हे वाचलं तेव्हा मला वाईटच वाटलं, माझ्या किती तासांना मुलं टाळ्या वाजवून तशीच घरी गेली असतील.

तेव्हापासून काडी ओढायच्या आधी मी थांबते. पाणी चढेल की नाही, कधी चढेल, का, प्रत्येकाने वहीत पेनने लिहायचं, खोडायचं नाही. शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालायचा आणि मगच ग्लास ठेवायचा. एकदा लिहून बसलं की शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान उंच करून बघतो, कारण आता त्याला आपलं बरोबर आलं का ते बघायचं असतं.

व्हिडिओ मी लावतेच, जिथे धोका आहे तिथे व्हिडिओच. मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाला दाखवताना वर्गातली मुलं भाजल्याच्या घटना झाल्यात, ते मी कधीच करणार नाही. तसंच १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं होतं, ते काही मला वर्गात जमणार नाही, पण तिथेही हातातून सुटायच्या आधी पॉज करते आणि अंदाज लिहून घेते.

आणि हो, आदल्या दिवशी एकदा करून बघतेच, तरी कधी फसतो प्रयोग. फसला तर का फसला ते आम्ही मिळून शोधतो, तास त्यातच जातो आणि जाऊ देते. परवा एकाने विचारलंय, ग्लास आधीच गरम पाण्याने तापवून घेतला तर पाणी कमी चढेल का जास्त? अंदाज वह्यांत लिहून झालेत, वर्ग अर्धा अर्धा फुटलाय, उद्या पहिल्याच तासाला करून बघायचंय.