रापा नुई: पूर्वजांच्या अंगणात पाच रात्री

रापा नुई म्हणजे प्रशांत महासागरातलं चिलीचं ईस्टर बेट. तिथल्या हांगा रोआ गावातून संध्याकाळी उत्तरेकडे ताहाईला चालत निघालं की आधी गावची दफनभूमी लागते. समुद्राच्या काठावर पांढरे क्रूस, त्यांवर नव्याजुन्या फुलांच्या माळा. थोडं पुढे गेलं की ताहाईचे दगडी चौथरे दिसतात आणि त्यांवर समुद्राकडे पाठ करून उभे असलेले मोआई, म्हणजे माणसाच्या रूपातले दगडी पुतळे. हे चौथरे म्हणजे अहू, आणि त्यांच्यातही माणसं पुरलेली आहेत. ही दोन्ही ठिकाणं इथल्या लोकांच्या लेखी एकाच प्रकारची आहेत, एवढं पहिल्याच संध्याकाळी ध्यानात आलं तर पुढच्या सहलीतल्या अर्ध्या चुका टळतात. मोआईला रापा नुई भाषेत 'आरिंगा ओरा आता तेपुना' म्हणतात, म्हणजे पूर्वजांचा जिवंत चेहरा. गेलेल्या वडीलधाऱ्याचं बळ, ज्याला 'मना' म्हणतात, ते त्या डोळ्यांतून कुळावर राहतं अशी धारणा. म्हणून तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे.

चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,५०० किलोमीटर आणि सर्वांत जवळच्या वस्तीच्या पिटकेर्न बेटापासून सुमारे २,००० किलोमीटर, इतकं हे बेट एकटं आहे. परक्यांच्या येण्याचा अनुभव वाईट. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलामांच्या जहाजांनी माणसं पळवून नेली, त्यात जाणतेही गेले. १८८८ मध्ये बेट चिलीत सामील झालं आणि नंतर १९५३ पर्यंत बहुतेक जमीन मेंढीपालन कंपनीकडे होती. या काळात मूळ रहिवाशांना हांगा रोआच्या कुंपणात राहावं लागलं. त्यामुळे आज दार कुणाला, किती दिवस उघडायचं हे आपल्या हातात असावं, असा तिथे आग्रह आहे. मार्च २०२० मध्ये बंद झालेलं बेट ४ ऑगस्ट २०२२ ला उघडलं. मधे ऑक्टोबर २०२१ मध्ये कौल घेतला, तेव्हा बहुमत 'इतक्यात नको' असंच आलं होतं.

आता कागदपत्रं. चिलीचा व्हिसा लागतो, बेटासाठी वेगळा व्हिसा नाही. पण ऑगस्ट २०१८ पासून पाहुण्याला जास्तीत जास्त ३० दिवसच राहता येतं आणि विमानात बसण्याआधी प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. त्याला दोन गोष्टी जोडायच्या: परतीचं तिकीट, आणि चिलीच्या पर्यटन खात्याकडे नोंद असलेल्या निवासाचं बुकिंग किंवा बेटावरच्या रहिवाशाचं निमंत्रणपत्र. लोक अडकतात ते निवासापाशी. स्वस्त खोली कुठल्या तरी ॲपवर सापडते, पण तिची नोंदणीच नसते. पैसे भरण्याआधी मालकाला नोंदणीबद्दल स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. चिलीच्या राजधानीत, सँटिआगोच्या विमानतळावर, पोलीस हा अर्ज तपासतात, तिथे रांग असते, म्हणून नेहमीच्या देशांतर्गत प्रवासापेक्षा तासभर आधी पोहोचा.

सँटिआगोहून विमान जाताना पाच तासांहून थोडं जास्त घेतं, येताना वाऱ्याच्या साथीने कमी. घड्याळ दोन तास मागे. मुंबईहून सँटिआगोला थेट विमान नाही, निदान एक बदल आहेच. तेव्हा बेटाचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका. सँटिआगोत एक रात्र ठेवा, जमलं तर परतीच्या वेळीही.

खाण्याच्या पिशवीबद्दल आपल्या लोकांना खास सांगायला हवं. चिलीत शिरताना शेती खात्याची तपासणी कडक असते. बिया, कच्ची कडधान्यं, फळं, मध, दुधाचे पदार्थ यांवर त्यांची नजर असते. घरगुती डब्यातली मूगडाळ किंवा पेढे नेऊ नका. भाजलेला-तळलेला, कंपनीच्या बंद पाकिटातला माल न्या आणि फॉर्मवर 'आहे' अशीच खूण करा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो.

बेटावर बहुतेक सामान जहाजाने नाहीतर विमानाने येतं, त्यामुळे सगळंच महाग. शाकाहारी माणसाचं रताळी, अळकुड्या, केळी, अननस आणि पो'ए नावाच्या केळ्याच्या किंवा भोपळ्याच्या गोड वडीवर भागतं, मात्र हॉटेलात मासा हेच मुख्य जेवण. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर सोपं जातं. रोख चिली पेसो जवळ ठेवा. गावात एटीएम आहेत, पण त्यांच्याच भरवशावर राहू नका. प्लगचं म्हणाल तर आपला दोन बारीक गोल पिनांचा मोबाइल चार्जर चालतो, तीन पिनांचा चालत नाही.

राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट सर्वांत आधी घ्या. उद्यान २०१७ पासून रापा नुई लोकांची माऊ हेनुआ ही संस्था सांभाळते. तिकीट पहिल्या वापरापासून १० दिवस चालतं. रानो राराकू (मोआई कोरायची खाण) आणि ओरोंगो (विवराच्या कडेवरचं जुनं विधीचं गाव) या दोन जागी मात्र त्यावर एकदाच आत सोडतात. बेट पुन्हा उघडल्यापासून बहुतेक ठिकाणी नोंदणीकृत मार्गदर्शक किंवा स्थानिक रापा नुई माणूस सोबत असावा लागतो. हा नियम जाच वाटून घेऊ नका. कुठला दगडांचा ढीग कोंबड्यांचं जुनं खुराडं, कुठला वाफ्याला वाऱ्यापासून जपणारं मानावाई कुंपण आणि कुठला थडगं, हे नवख्याला कळत नाही, आणि पाय नेमका थडग्यावरच पडतो.

रानो राराकू ही खाण. बेटावर सुमारे हजारभर मोआई मोजलेत, त्यांतले बहुतेक इथल्या ज्वालामुखीच्या राखेच्या दगडातले, आणि जवळजवळ ४०० अजून इथेच आहेत. आत एकदाच जायचं असल्याने हा दिवस हवा बघून ठरवा, पावसात घालवू नका. निदान तीन तास हवेत. छातीपर्यंत मातीत गाडलेले मोआई पाहून लोक त्यांना 'नुसती डोकी' समजतात, पण खाली पूर्ण धड आहे, उतारावरून वाहून आलेल्या मातीने ते झाकलंय. खडकाजवळ नीट बघा: मूर्ती उताणी झोपलेली, तोंड, नाक, पोटावरचे हात पूर्ण झालेले, आणि पाठीखाली खडकाला धरून ठेवणारी एक अरुंद कणा-पट्टी. बसाल्टच्या हातातल्या छिन्नीने, म्हणजे तोकीने, शेवटी हीच पट्टी तोडून मूर्ती खाली सरकवायची. एक अपुरी मूर्ती तर २१ मीटरांच्या वर आहे, ती खडकातून सुटलीच नाही. आणि कुठल्याच चेहऱ्याला डोळ्यांच्या खोबणी नाहीत. त्या अहूवर उभं केल्यावर कोरायच्या. पांढऱ्या प्रवाळाचे डोळे बसले की मगच तो पूर्वज बघू लागतो. असा मूळ डोळा १९७८ मध्ये अनाकेनाच्या किनाऱ्यावर सापडला, तो गावातल्या संग्रहालयात आहे. खाणीच्या आधी तो पाहून घ्या, मग रिकाम्या चेहऱ्यांचा अर्थ कळतो. ऑक्टोबर २०२२ च्या वणव्यात इथल्या काही मूर्ती भाजल्या. दगड मऊ आहे, हात लावला तरी झिजतो. दोरीच्या आत राहा.

खाणीसमोरच तोंगारिकी. एका चौथऱ्यावर १५ मोआई, सर्वांत जड ८० टनांहून अधिक. १९६० च्या त्सुनामीने ते आत फेकले होते, १९९० च्या दशकात जपानी क्रेनच्या मदतीने पुन्हा उभे केले. खरं तर आज अहूवर उभा दिसणारा प्रत्येक मोआई विसाव्या शतकात पुन्हा उभारलेला आहे, १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळे पाडले गेले होते. म्हणून दक्षिण किनाऱ्याने येताना अकाहांगाला थांबाच. तिथे ते पालथे पडलेत, तोंड मातीत. सूर्योदय तोंगारिकीलाच पाहायचा असेल तर फाटक किती वाजता उघडतं ते आदल्या दिवशी मार्गदर्शकाला विचारा. मोआईंच्या पाठीमागून सूर्य उगवतो तो तिकडच्या उन्हाळ्यात, डिसेंबरपासून मार्चपर्यंत.

ओरोंगोला गावातून चालत चढता येतं, दोन तास धरा. रानो काऊचं विवर सुमारे दीड किलोमीटर रुंद आहे आणि कडेला वारा इतका असतो की टोपीला नाडी हवीच. मोआई पडत गेले त्या काळात इथे पक्षीमानवाचा विधी वाढला. समोरच्या मोतू नुई खडकावरून पाखराचं पहिलं अंडं आणायची शर्यत १८६० च्या दशकापर्यंत चालली; ज्याचा माणूस ते आधी आणेल तो त्या वर्षाचा पक्षीमानव. इथला एक मोआई १८६८ मध्ये ब्रिटिश जहाजाने नेला, तो लंडनच्या संग्रहालयात आहे. २०१८ मध्ये बेटावरची माणसं तो परत मागायला गेली होती. आपला पूर्वज परक्या घरात उभा आहे, असंच ती मानतात, आणि हे मागणं मला रास्त वाटतं.

गाडी भाड्याने घेणार असाल तर बेटावर गाडीचा विमा मिळत नाही हे धरून चाला. ओरखडाही आपल्याच खिशातून. ताब्यात घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा. घोडे आणि गुरं मोकळी असतात, रात्री रस्त्यावर बसतात, म्हणून अंधार पडायच्या आत गावात या. सावली जवळजवळ नाही: माणशी दोन लिटर पाणी, पातळ रेनकोट, लाल चिखलात धरणारे बूट. फेब्रुवारीत तापाती उत्सव असतो, तेव्हा खोली आणि विमान कित्येक महिने आधी लागतं.

अहूवर चढणं म्हणजे समाधीच्या चौथऱ्यावर चढणं. चौथऱ्यासमोरचा गोटे लावलेला उतारही अहूचाच भाग आहे, फोटोसाठी त्यावर बसू नका. दगडावर दगड रचू नका. खडा, प्रवाळ, वाळू काहीही पिशवीत घालू नका. आपली प्लास्टिकची पाकिटं मात्र परत न्या, बेटाला कचरा टाकायला जागा नाही. भेटलं की 'योराना' म्हणजे नमस्कार, निघताना 'माउरूरू' म्हणजे आभार. पोस्टात मोआईचा शिक्का हौसेने मारून देतात, तो वहीत घ्या. पासपोर्टवर घेतलात तर पुढच्या एखाद्या विमानतळावर विचारणा होऊ शकते.