बाईचं ९ आणि पुरुषाचं ९

हिमोग्लोबिन पुरुषाचं १३ च्या (ग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेलं की रक्त कमी समजतात. बाईचं १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या. प्रत्यक्षात बाईचा ९ चा रिपोर्ट आला तरी ‘बायांचं असंच राहतं’ म्हणून कपाटात जातो. पुरुषाचं ९ आलं तर अल्सर, मूळव्याध, आतड्यातून रक्त जातंय का, सगळं शोधलं जातं. पाळी गेलेल्या बाईतही हेच शोधायचं असतं, ते राहून जातं.

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं. एका मिलीत सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह. ज्वारी-डाळीतलं लोह जेमतेम दहावा हिस्सा अंगी लागतं. म्हणून आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह आहे, बाईला २९. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल, रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील किंवा पाळी सात दिवसांवर लांबत असेल तर नुसत्या गोळ्या पुरणार नाहीत. गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे मांसाची साधी गाठ, आहे का, थायरॉइड बिघडलंय का, ते बघावं लागतं.

बिटाच्या रसावर फार विसंबू नका. रंग लाल, लोह थोडं. केळीत तर नावापुरतंच, मग ती रावेरची का असेना. बाजरी, मटकी, अळीव बरे. कळण्याच्या भाकरीसोबत ठेचा असतोच, त्यावर लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं.

गरोदरपणी आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. ती रोज एक, निदान १८० दिवस. रक्त आधीच कमी असेल तर डोस डॉक्टर ठरवतील. गोळी वाया जाते ती बहुधा चहामुळे: कापूस वेचायला निघताना चहा आणि गोळी एका घोटात. चहा गोळीनंतर निदान दोन तासांनी घ्या. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. शौच काळी होते, घाबरू नका. मळमळलं तर जेवणानंतर घ्या, पण बंद करू नका. महिन्याभराने हिमोग्लोबिन तपासा, साधारण १ ग्रॅम वाढायला हवं. आकडा नीट झाल्यावरही तीन महिने चालू ठेवा, नाहीतर अंगातला लोहाचा साठा रिकामाच राहतो.

गोळ्या नियमित घेऊनही वाढलं नाही, तर नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल-पावरा वस्तीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आधी आठवावा. त्यात रक्तपेशी लवकर फुटतात; लोहाची कमतरता बहुधा नसते, म्हणून तपासल्याशिवाय लोह वाढवत जाऊ नये. पहिली तपासणी सोल्युबिलिटीची, पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासण्यांनी. बायको वाहक निघाली (स्वतःला आजार नाही, पण मुलांकडे जाऊ शकतो) की लगेच नवऱ्याचंही रक्त तपासायचं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि ‘मला काय झालंय’ म्हणत नवरा तपासणीला येत नाही, तिथेच घोडं अडतं.