अकरा मुद्द्यांची तक्रार

अर्ज चार पानी, हाताने लिहिलेला, आणि त्यात अकरा मुद्दे. अर्जदार आमच्याच कार्यालयातले वरिष्ठ लिपिक. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची धातूची चौकट. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. आमच्याकडे ते काम माझ्याकडे होतं. नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करावी लागते.

सुनावणीच्या सकाळी आस्थापना शाखेचे अधीक्षक फाइल घेऊन आले. "मॅडम, यातला जिन्याचा मुद्दा तेवढा दिव्यांगत्वाचा. लिफ्टसाठी बांधकाम विभागाला पत्र टाकू. बाकीचे दहा सेवाविषयक आहेत, ते आपल्या कक्षेत येत नाहीत." टिपणी तयारच होती, माझी सही तेवढी बाकी.

मी सही केली नाही. लेटमार्क, रजा, गोपनीय अहवाल (कामाबद्दल वरिष्ठांनी दरवर्षी लिहायचा अहवाल) हे शब्द सेवाविषयक आहेत म्हणून ती तक्रार भेदभावाची नाही, असं होत नाही. त्या लेटमार्कचं मूळ कुठे आहे ते आधी बघायला हवं.

अर्जदारांना विचारलं, "रोज किती वाजता पोचता?"

"पावणेदहाच्या आत फाटकात असतो, मॅडम. अंगठा लागेपर्यंत उशीर होतो."

हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र दुसऱ्या मजल्यावर, साहेबांच्या दालनाबाहेर. लिफ्ट कधीची बंद. मी गेटवरची वाहन नोंदवही मागवली. त्यांच्या जादा चाकं लावलेल्या स्कूटरची नोंद 9.35, त्याच दिवशीचा अंगठा 9.52. पुढच्या पानावर 9.38 आणि 9.56. पानं उलटत गेले तसं तेच दिसत राहिलं. मग त्यांच्यासोबत जिना चढले. आधी उजवा पाय, मग कठडा धरून कॅलिपरचा पाय वर ओढायचा. पहिल्या वळणावर कठडाच तुटलेला, तिथे भिंतीला तळहात टेकून थांबायचं, मागची माणसं पुढे जाऊ द्यायची, मग पुन्हा. तळमजल्यावर बसायची जागा मागितली, तर "कम्प्युटरची केबल स्वखर्चानं ओढून घ्या" असं सुचवलं गेलं होतं. अशा सोयीचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही, हे केंद्राच्या 2017 च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय.

आता बाकीचे मुद्दे वाचा. लेटमार्क साठले की किरकोळ रजा कापली, रजा संपल्या तेव्हा बिनपगारी, मग कारणे दाखवा नोटीस, मग गोपनीय अहवालात "वक्तशीर नाहीत" असा शेरा, आणि त्या शेऱ्यावरून पदोन्नतीच्या यादीत नाव नाही. अकरापैकी सहा मुद्दे त्या दुसऱ्या मजल्यावरच्या यंत्रापाशी जाऊन पोचत होते.

अधीक्षकांचं म्हणणं असं की नियम सगळ्यांना सारखा, मग भेदभाव कसला? शिवाय दोन दिवस अर्जदार गेटवरच उशिरा आले होते. ते खरं होतं, ते दोन लेटमार्क मी तसेच ठेवले. पण कायद्याच्या व्याख्येत हेतूबरोबर परिणामही धरलाय, आणि वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला काम करता यावं म्हणून लागणारा योग्य तो बदल, नाकारणं हाही भेदभावच मानलाय. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 17 डिसेंबर 2021 रोजी सांगितलं की दिव्यांगत्व हे कारवाईचं एकमेव कारण असण्याची गरज नाही. अनेक कारणांपैकी एक असलं तरी कायद्याचं संरक्षण मिळतं. तो निकाल मी टिपणीत घातला.

सगळंच मात्र मान्य करता येत नव्हतं. वेतनाची थकबाकी सगळ्यांचीच अडकलेली, ती लेखा शाखेकडे. निवासस्थानाच्या ज्येष्ठता यादीत त्यांचा नंबर आलाच नव्हता. आला की तळमजल्याचं घर द्यावं, एवढं नोंदवलं. एका सहकाऱ्यानं चारचौघांत पायावरून बोललेले शब्द मला आजही लिहवत नाहीत. जाणूनबुजून असा अपमान करणं हा कलम 92 खाली गुन्हा आहे, किमान सहा महिने आणि पाच वर्षांपर्यंत कैद. शिक्षा देणं माझं काम नाही, पण "कक्षेबाहेर" एवढंच लिहून तो मुद्दा पुसणंही मला मान्य नव्हतं. साक्षीदारांचे जबाब घेऊन ते वेगळे जोडले.

आदेश दिला: यंत्र आणि त्यांचं टेबल तळमजल्यावर, ते दोन सोडून बाकी लेटमार्क रद्द, रजा परत जमा, गोपनीय अहवालाच्या फेरविचारासाठी वरच्या कार्यालयाला शिफारस. तो वाचून अर्जदार बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पदोन्नतीच्या यादीला स्थगिती?"

"ती माझ्या हातात नाही." दिव्यांगांसाठीच्या जुन्या 1995 च्या कायद्याखालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये दिव्यांगांच्या मुख्य आयुक्तांनासुद्धा अंतरिम स्थगितीचा अधिकार नाही असं म्हटलंय, तेही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला आणि मला ते फार लागलं. पण खोटी आशा लावून पाठवणं त्याहून वाईट झालं असतं. "स्थगितीसाठी उच्च न्यायालय. माझा आदेश अपुरा वाटला तर दिव्यांगांसाठीची जिल्हास्तरीय समिती. आणि पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज कराच. त्यांची शिफारस आली की वरच्या कार्यालयाला तीन महिन्यांत कारवाई करावी लागते, नाहीतर का मानली नाही ते त्यांना आणि तुम्हाला कळवावं लागतं."

त्यांनी गेटच्या नोंदवहीच्या साक्षांकित प्रती मागितल्या. संध्याकाळी कार्यालय सुटायच्या आत, पानापानावर सही-शिक्का मारून, त्या मी त्यांच्या हातात दिल्या.