रास्पबेरी पाय ४ वर नवी प्रणाली टाकली आणि ५०० मेगाहर्ट्झ गायब

सोलापुरात आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयात दिवाळी अंकांचे बांधीव खंड आहेत. त्यांची पानं स्कॅन झाली होती, पण स्कॅन म्हणजे नुसती चित्रं. लेखकाचं नाव टाकून शोधायचं म्हटलं तर काही सापडत नाही. चित्रातून मजकूर काढायचं, म्हणजे ओसीआरचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. सॉफ्टवेअर टेसरॅक्ट, फुकट आणि मराठी येणारं. ते चालवायला घरात पडून असलेला रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा संगणक; पुढे नुसता 'पाय' म्हटलं की तोच. रात्रभर चालू ठेवला तरी विजेच्या बिलात कळत नाही, हा त्याचा मोठा गुण.

माझा पाय जुन्या तुकडीतला, चार जीबी मेमरीचा. त्याच्या प्रोसेसरमध्ये कॉर्टेक्स-ए७२ जातीचे चार कोअर (आकडेमोड करणारे भाग) आहेत आणि कारखान्यातून येतानाचा कमाल वेग १५०० मेगाहर्ट्झ. नंतरच्या बोर्डांना पुढे अधिकृतपणे १८०० मिळाले, पण आमच्या बोर्डाला ती सोय नाही. ओसीआर हे निव्वळ प्रोसेसरचं काम, त्यामुळे मी तो ओव्हरक्लॉक करून, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं, २००० वर चालवत होतो. कागदावर हा एक तृतीयांश जादा वेग, आणि प्रत्यक्षातही जवळपास तेवढाच मिळत होता. चार तासांचं काम तीन तासांत व्हायचं.

हे सगळं बुल्सआय या जुन्या प्रणालीवर सुरळीत चाललं होतं. मग हात कशाला लावला? तर टेसरॅक्टसाठी. बुल्सआयमध्ये त्याची ४.१.१ आवृत्ती मिळते आणि तिच्यानंतरच्या बुकवर्ममध्ये ५.३. पाचव्या आवृत्तीत अक्षरं ओळखणारी आकडेमोड हलकी केली आहे, त्यामुळे वेळ आणि मेमरी दोन्ही वाचतात. रास्पबेरी पायसाठीची बुकवर्म ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. जुन्यावरच नवी चढवू नका, कोरी टाका, असं ती बनवणाऱ्यांचंच सांगणं होतं. म्हणून नवं मेमरी कार्ड आणलं, त्यावर बुकवर्मची ६४-बिट आवृत्ती टाकली आणि जुनं कार्ड तसंच डबीत ठेवून दिलं. ते डबीतलं कार्ड पुढे फार उपयोगी पडलं. प्रणाली बदलताना जुनं कार्ड लगेच पुसू नका, हे मी कुणालाही सांगेन.

पहिल्याच रात्री काम आधीपेक्षा मंद. नवं टेसरॅक्ट, ६४-बिट प्रणाली, तरी मंद. त्यात आणखी एक गोष्ट विचित्र होती: पंखा बंद. पायच्या डबीवर एक छोटा पंखा बसवलेला आहे. साठ अंशांना तो सुरू होतो आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये एकदा सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही. तो गप्प होता आणि डबीला हात लावला तर चटका बसत होता.

धाकटा भाऊ पुण्यात असल्याच यंत्रांवर काम करतो. त्याला फोन लावला आणि नव्या टेसरॅक्टबद्दल कुरकुर सुरू केली. त्यानं मध्येच तोडलं.

"दादा, टेसरॅक्ट राहू दे. वेग किती दाखवतंय ते आधी सांग."

"कुठला वेग?"

"प्रोसेसरचा. आणि फर्मवेअरनं कुठला आकडा घेतलाय तोही विचार. दोन्ही वेगळे असू शकतात."

हा फरक महत्त्वाचा आहे. फर्मवेअर म्हणजे यंत्र सुरू करणारं आतलं मूळ सॉफ्टवेअर. पायमध्ये व्हीसीजेनसीएमडी नावाची एक कमांड असते. तिला 'मेझर-क्लॉक' विचारलं की या क्षणीचा वेग कळतो. पण तो सतत बदलतो. यंत्र रिकामं असेल तर ६०० पर्यंत उतरतो, आणि ते बरोबरच आहे. त्यावरून ओव्हरक्लॉक गेलं असं म्हणता येत नाही. 'गेट-कॉन्फिग' विचारलं की सुरू होताना फर्मवेअरनं कमाल मर्यादा काय धरली ते कळतं. मला तिथे २००० दिसायला हवं होतं. दिसलं १५००. म्हणजे वेग मध्येच घसरत नव्हता, २००० चा हुकूम फर्मवेअरपर्यंत पोचलाच नव्हता. तापमान ८३ अंश. पाय ४ मध्ये ८० च्या पुढे गेलं की यंत्र आपणहून वेग कमी करू लागतं, म्हणजे ते १५०० सुद्धा पूर्ण मिळत नव्हते.

हुकूम गेला कुठे? पायला पीसीसारखा बायोसचा, म्हणजे सुरुवातीच्या सेटिंगचा निळा पडदा नसतो. वेग, व्होल्टेज वगैरे सगळं कॉन्फिग नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं. वर्षानुवर्षं ती फाइल बूट फोल्डरमध्ये असायची. नवं कार्ड तयार केलं की माझी एक जुनी स्क्रिप्ट त्या फाइलच्या शेवटी चार ओळी जोडते: वेग २०००, ओव्हर-व्होल्टेज (प्रोसेसरला जादा व्होल्टेज) ६, ग्राफिक्सचा वेग, आणि पंखा कुठल्या पिनवर आहे व किती अंशांना सुरू करायचा. बुकवर्ममध्ये ही फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर या फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी त्याच नावाची एक फाइल आहे, पण तिच्यात फक्त एक सूचना: ही फाइल बदलू नका, तुम्ही शोधताय ती तिकडे आहे. स्क्रिप्ट काही वाचत बसत नाही. तिनं त्या सूचनेखाली माझ्या चार ओळी इमानेइतबारे लिहून ठेवल्या होत्या. पंखा गप्प का, याचं उत्तरही त्यातच होतं.

गंमत म्हणजे कार्डावर काहीच हललेलं नाही. कार्डाचा पहिला छोटा विभाग विंडोजलाही वाचता येतो. कार्ड लॅपटॉपला लावून तो उघडला तर कॉन्फिग फाइल नेहमीच्याच जागी, अगदी दारात. फर्मवेअर थेट तिथूनच वाचतं. बदललं आहे ते एवढंच, की लिनक्स (बुल्सआय, बुकवर्म ही त्याचीच रूपं) तो विभाग आता कुठल्या फोल्डरला जोडतं. म्हणून ज्यांना कमांडची सवय नाही त्यांनी कार्ड सरळ दुसऱ्या संगणकाला लावून फाइल बदलावी. वेग जास्त होऊन पाय सुरूच झाला नाही तरी सुटकेचा मार्ग हाच.

ओळी योग्य फाइलमध्ये टाकताना आणखी एक खाच असते. या फाइलमध्ये चौकोनी कंसात विभागांची नावं असतात. काही ओळी फक्त अमुक मॉडेलसाठी, काही सगळ्यांसाठी. कम्प्युट मॉड्यूल या पायच्या दुसऱ्या प्रकाराच्या नावाखाली तुमची ओळ गेली तर पाय ४ तिच्याकडे बघणारही नाही आणि चूक म्हणून तक्रारही करणार नाही. मी सगळ्या ओळी तळाच्या 'ऑल' खाली टाकल्या. पुन्हा सुरू केला, गेट-कॉन्फिग २०००, पंख्याची घरघर सुरू. इथे गोष्ट संपायला हवी होती.

संपली नाही. कारण दरम्यान मी काम करायची पद्धत बदलली होती. टेसरॅक्ट एका पानासाठी स्वतःच चार धागे (एकाच वेळी चालणारे कामाचे तुकडे) वापरायला बघतो, पण त्यातून चौपट वेग मिळत नाही, कोअर एकमेकांची वाट बघत राहतात. त्याऐवजी प्रत्येक टेसरॅक्टला एकच धागा द्यायचा आणि चार पानं एकाच वेळी चालवायची. ओएमपी-थ्रेड-लिमिट हा आकडा १ ठेवला की झालं. एकूण पानं कितीतरी जास्त निघतात. शिवाय स्कॅन आता यूएसबीला जोडलेल्या एसएसडी डिस्कवर होते, आणि तिची वीज पायमधूनच जाते. चारही कोअर पूर्ण दाबलेले, त्यात एसएसडी. थोड्याच वेळात वेग हिंदकळू लागला. आता तापमान ६५ च्या आसपास, म्हणजे उष्णतेचा प्रश्न नव्हता.

अशा वेळी व्हीसीजेनसीएमडीला 'गेट-थ्रॉटल्ड' विचारायचं. ती हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या अंकलेखनात) एक आकडा देते. शून्य आला तर सगळं ठीक. मला आला ५०००५. शेवटचा ५ म्हणजे १ आणि ४ ची बेरीज: व्होल्टेज आत्ता कमी आहे, आणि वेग आत्ता आवळलेला आहे. पुढचा ५ म्हणजे याच दोन गोष्टी यंत्र सुरू झाल्यापासून कधीतरी घडून गेल्या आहेत. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या नोंदींमध्येही 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड' च्या ओळी होत्या. पायची मर्यादा ४.६३ व्होल्ट, त्याखाली गेलं की तो बोंब मारतो.

मी मोबाइलचा चार्जर आणि लांब, बारीक केबल वापरत होतो. चार्जरवर पाच व्होल्ट, तीन अँपिअर छापलेलं होतं. पण गच्चीवरची टाकी भरलेली असली तरी बारीक पाइपातून खालच्या नळाला धार येत नाही, तसा प्रकार: प्रवाह वाढला की केबलमध्येच व्होल्टेज गळतं. जुन्या कार्डावर, एका वेळी एक पान या हिशेबात, तेवढी ओढच नव्हती. खात्रीसाठी डबीतलं कार्ड काढलं आणि जुन्या बुल्सआयवर चार पानं एकदम चालवली. तोच ५०००५. म्हणजे बुकवर्म यातून निर्दोष सुटली. पायसाठीचा खास अडॅप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा असतो आणि त्याची केबल जोडलेलीच येते. तो वरचा ०.१ व्होल्ट याच गळतीसाठी. तो आणला आणि आकडा शून्य झाला.

शेवटचं दुखणं सगळ्यात चिवट होतं. रात्रभराच्या कामात एखादं टेसरॅक्ट 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लागल्याची चूक) म्हणून मध्येच मरायचं. वीज ठीक, तापमान ठीक. सॉफ्टवेअरमध्ये दोष की प्रोसेसर आपल्या ताकदीच्या काठावर? मी मेलेली पानं वेगळी काढून पुन्हा चालवली. सगळी नीट निघाली. दुसऱ्या रात्री वेगळीच पानं मेली. दोष सॉफ्टवेअरचा असता तर तेच पान दर वेळी त्याच ठिकाणी पडलं असतं.

मरणारं पान निदान दिसतं. मला भीती होती ती न मरता चुकीचा मजकूर देणाऱ्या पानाची. जुन्या खिळ्यांच्या छपाईत 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य टेसरॅक्ट तसाही चुकवतोच, त्यात प्रोसेसरच्या चुका मिसळल्या तर ओळखायच्या कशा? भावानं सोपी युक्ती सांगितली. तेच चित्र, तीच आवृत्ती, तीच सेटिंग असली तर टेसरॅक्टनं दर वेळी काना-मात्रेसह तोच मजकूर द्यायला हवा, चुकीचा असला तरी तोच चुकीचा. म्हणून पानांचा एक गठ्ठा दोनदा चालवायचा आणि दोन्ही निकालांचे एमडी५ ठसे (मजकुरावरून काढलेला, एक अक्षर बदललं तरी बदलणारा आकडा) जुळवायचे. २००० ला काही पानांचे ठसे जुळले नाहीत. एका पानावर तर फरक एका अनुस्वाराचा होता.

प्रोसेसरला ताण देणाऱ्या नेहमीच्या स्ट्रेस-एनजी चाचणीनं, तिला उत्तरं पडताळायला सांगूनही, त्या वेगात काहीच दोष दाखवला नव्हता. तेव्हापासून माझ्या मते चाचणी म्हणजे तुमचं स्वतःचं काम, दोनदा. बाकी सगळं प्राथमिक.

आता दोन वाटा होत्या: व्होल्टेज वाढवायचं किंवा वेग कमी करायचा. ओव्हर-व्होल्टेजची एक पायरी म्हणजे ०.०२५ व्होल्ट, त्यामुळे ६ म्हणजे आधीच ०.१५ जास्त. त्याहून वर जायचं तर उष्णता वाढणार, आणि बाहेर ४२ अंश असताना तो छोटा पंखा किती पुरणार! मी वेग १९०० वर आणला आणि ओव्हर-व्होल्टेज ६ च ठेवलं. ठसे जुळले. मग ५, मग ४ करून पाहिलं. चारलाही जुळले, तीनला पुन्हा एक पान फुटलं. पाचवर थांबलो, एक पायरी हाताशी राखून. २००० च्या मानाने १९०० म्हणजे पाच टक्क्यांचं नुकसान, आणि चार पानं एकदम चालवण्यानं ते कितीतरी पटींनी भरून निघालंय.

स्क्रिप्टमध्येही आता बदल केलाय: लिहिण्याआधी ती फर्मवेअर फोल्डर आहे का बघते, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं की गेट-कॉन्फिगचा आकडा वाचून १९०० नसेल तर कामच सुरू करत नाही. ट्रिक्सी ही पुढची प्रणाली २०२५ मध्ये आली, फाइल तिच्यातही फर्मवेअर फोल्डरमध्येच आहे. भाऊ म्हणतो टाकून बघ. अजून बरेच खंड बाकी आहेत आणि ठसे जुळतायत, त्यामुळे ती दिवाळीनंतर, तीही वेगळ्या कार्डावर.